साहेबांचं लॉगिन

साहेबांना कर्मचारी क्रमांक एकशे सतरा मिळाला, तेव्हा ऑफिसात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटायचं तर साहेब म्हणजे नेमके कोण, हे निदान एकाला तरी माहीत असायला हवं होतं.

ऑफिस पनवेलचं. एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली स्टेशनरीचं दुकान, वर भरतनाट्यमचा क्लास. 'विजयदीप क्लिअरिंग'चं काम सांगायला सोपं होतं. न्हावा शेव्याला परदेशातून माल उतरतो, त्याचे कस्टम्सचे कागद करायचे, माल आपल्या गोदामात आणून ठेवायचा आणि मग ज्याचा त्याला सोडायचा. यातलं 'ज्याचा त्याला' एवढंच अवघड, बाकी नुसती धावपळ.

त्या 'ज्याचा त्याला'वर चारुता घरत बसलेली होती. माल सोडायच्या प्रत्येक ऑर्डरवर तिची सही लागे. ही सही करायला 'जी' कार्ड, म्हणजे कस्टम्सचा परवाना, लागतं आणि ते कस्टम्सची परीक्षा पास झाल्याशिवाय मिळत नाही. चारुता दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली, तेव्हा तिच्या गावात, चिरनेरला, अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर शुभेच्छुकांचे चौदा फोटो होते. पंधरावा तिचा. लहान होता, पण होता.

सही हल्ली पेनाने होत नाही. पेनड्राइव्हसारखं एक टोकन असतं, ते संगणकाला लावायचं, पिन टाकायचा, की सही. ऑफिसातली सगळी टोकनं हेडक्लार्क कमलाकरकाकांच्या ड्रॉवरमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असत. प्रत्येकावर पिनची चिठ्ठी चिकटवलेली. पिन सगळ्यांचा एकच, १२३४. विसरायला नको म्हणून.

आता साहेबांचं. या ऑफिसात एक रीत होती. काम सांगताना "मी सांगतोय" असं कुणी म्हणत नसे. "साहेबांनी सांगितलंय" असं म्हणत. कमलाकरकाका एकतीस वर्षं हेच म्हणत आले होते. ड्रायव्हर हेच म्हणत. चहावाला न मागवलेले दोन कप ठेवून जाताना हेच म्हणे. मालक विश्वजीत कर्णिकसुद्धा हेच म्हणायचा. वास्तविक साहेब तोच असायला हवा होता, पण त्याने हे वाक्य वडिलांकडून उचललं होतं. "अहो, साहेब तर तुम्हीच ना?" असं एखाद्या गिऱ्हाइकाने वडिलांना विचारलंच, तर ते नुसतं बोट वर करायचे. वर भरतनाट्यमचा क्लास होता. तरी गिऱ्हाईक गप्प बसायचं.

सोय मोठी होती. काम बिघडलं तर साहेबांनी सांगितलं होतं, आणि जमलं तर आपण केलं होतं.

मग मागच्या दिवाळीनंतर विश्वजीतने कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. हृतिक नावाचा सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर आठवडाभर बसून ती लावून गेला. तिचं नाव 'मदतनीस'. हा मदतनीस मेल वाचायचा, उत्तरं द्यायचा, ऑर्डरी तयार करायचा. शिकवण म्हणून हृतिकने त्याला ऑफिसची अकरा वर्षांची सगळी मेल दिली. त्या मेलमध्ये काय काय आहे, हे द्यायच्या आधी कुणी बघितलं नाही. गिऱ्हाइकांचे करार होते, पासवर्ड होते, कमलाकरकाकांच्या मूळव्याधीचे रिपोर्टही होते. मदतनिसाने सगळं मन लावून वाचलं आणि त्याला एक ढळढळीत चूक सापडली. या कंपनीत साठ हजारांपैकी अकरा हजार मेलमध्ये निर्णय घेणारा जो माणूस आहे, त्याचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीतच नाही.

मदतनिसाने चूक दुरुस्त केली. नाव: साहेब. क्रमांक: ११७. रुजू दिनांक: पहिल्या मेलचा, म्हणजे विश्वजीत धंद्यात यायच्या तीन वर्षं आधीचा. अधिकार: सर्व. जन्मतारखेचा रकाना सक्तीचा असल्यामुळे एक जानेवारी टाकली.

एक जानेवारीला सगळ्यांना मेल आली की आज साहेबांचा वाढदिवस आहे. कमलाकरकाकांनी केक आणला. साहेबांच्या आधी कापायला कुणी पुढे होईना, म्हणून तो न कापता चमच्यांनी खाल्ला. चारुतानेही खाल्ला. पायनॅपल होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तिच्यापुढे सहीसाठी एक ऑर्डर आली. तीन नंबर गोदामातली बेचाळीस खोकी आजच्या आज सोडा. खोक्यांमध्ये डायलिसिसच्या मशीनचे फिल्टर होते आणि ते पुण्याच्या एका औषध कंपनीचे होते. गाडी मात्र भिवंडीला जाणार होती. चारुताने मूळ मेल उघडून बघितली. फुकटच्या मेलखात्यावरून आलेली, दोन ओळींची. 'साहेबांनी सांगितलंय, ४२ खोकी आजच सोडा. गाडी पाठवतोय.' खाली नाव नाही. मदतनिसाने त्या मेलला उत्तरही दिलं होतं. 'होय. लगेच करतो. साहेबांना नमस्कार सांगा.'

तिने मदतनिसाला विचारलं, हे कुणाच्या परवानगीने? उत्तर आलं: कर्मचारी क्रमांक ११७, अधिकार सर्व.

चारुताने पहिलं काम केलं ते म्हणजे काकांच्या ड्रॉवरमधून स्वतःचं टोकन काढून घेतलं आणि पिन बदलला. टोकन ओळखपत्राच्या दोरीत ओवून गळ्यात घातलं आणि ती विश्वजीतच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हे बघा."

विश्वजीतने बघितलं. "गेला का माल?"

"नाही. मी सही केली नाही."

"मग झालं तर. सिस्टिम चालतेय की."

"सिस्टिम नाही चालत, सर. मी चालतेय."

"तेच तर तुला सांगणार होतो." विश्वजीतने एक छापील कागद पुढे सरकवला. "शुक्रवारी पुण्याहून आभा सबनीस येतायत, या खोकीवाल्या कंपनीच्याच. आपण कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतो म्हणून त्यांना हा फॉर्म हवाय. सही करून टाक."

फॉर्मवर लिहिलं होतं: 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरातील सर्व धोके मी स्वतः तपासले असून ते आटोक्यात आहेत.' खाली नाव, चारुता घरत. हुद्दा, सुरक्षा अधिकारी.

"मी सुरक्षा अधिकारी कधी झाले?"

"तूच नाही का मागे वायफायचा पासवर्ड बदललास."

"तो मी विसरले होते, म्हणून बदलला."

"अनुभव आहे म्हणजे. आणि ऐक, सोमवारपासून तुझं टोकन मशीनलाच लावून ठेवायचं. पिन हृतिकला दे. मदतनीस स्वतःच सह्या करेल, तू मोकळी."

"कुणाच्या सह्या?"

"तुझ्याच गं. तुझी मेहनत वाचेल."

"आणि अशी खोकी भिवंडीला गेली, तर आत कोण जाईल? मदतनीस?"

"आत वगैरे काय लगेच. फार तर तुझं कार्ड जाईल." कार्ड म्हणजे बसमध्ये राहिलेली छत्री असावी, अशा सुरात तो म्हणाला.

चारुता जागची हलली नाही. "मग निदान त्या साहेबांना तरी यादीतून काढा."

यात विश्वजीतला काही गैर वाटलं नाही. त्याने संगणकावर एकशे सतरा उघडला आणि 'काढून टाका' दाबलं. सूचना आली: 'साहेबांना काढण्यासाठी साहेबांची परवानगी आवश्यक आहे. विनंती पाठवू का?' विश्वजीतने पाठवली. साहेबांची मेलपेटी मदतनीसच सांभाळत होता, त्यामुळे उत्तर मिनिटभरात आलं. त्यात एकच शब्द होता. 'पाहतो.'

विश्वजीत खुर्चीत जरा सरळ बसला. "पाहतो म्हणालेत," तो हळू आवाजात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरनेरला, तव्यावर भाकरी टाकता टाकता चारुताच्या आईने, मालूने, सगळं ऐकून घेतलं. घरी बोलताना चारुताची मराठी आपोआप पनवेलहून चिरनेरला उतरायची.

"मंग कर की सही," मालू म्हणाली. "येवढा काय त्यात?"

"आये, उद्या माल चोरीला गेला, तं नाव माजा."

"तुज्या आज्यानं पन केलती. मिठागर गेला, त्या कागदाव. अंगठा."

"कोनी सांगितला व्हता त्याला?"

"सायबानी."

"कंच्या सायबानी?"

"त्याच तं." मालूने भाकरी उलटली. "तुजा बाप तीस वर्सा शोधित व्हता. ह्या हापिसात गेला का बोलाचे, सायेब त्या हापिसात हाय. त्या हापिसात गेला का बोलाचे, सायबाची बदली झाली. सायेब काय गावला नाय."

"मंग?"

"मंग काय. सायेब नाय गावला, पन अंगठा गावला ना त्यांना. त्यो हाय अजून त्यांच्याकरं." तिने भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात कोंबली. "उचल डबा. बस जाईल."

त्या बुधवारी ऑफिसात गेल्या गेल्या चारुताने आपल्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. 'ऑर्डर कोणाच्या सांगण्यावरून, त्या माणसाचं नाव लिहा. नाव असेल तरच सही होईल. साहेब चालणार नाहीत.'

पहिले आले ते कमलाकरकाका. त्यांनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला.

"चारू, ते 'चालणार नाहीत' जरा कडक होतंय. 'शक्यतो टाळावे' असं लिही."

"नाही, काका."

"मग निदान 'कृपया' तरी घाल."

"घालते." तिने घातलं. कृपया साहेब चालणार नाहीत. काकांना ते आधीपेक्षा वाईट वाटलं, पण आता मागणी त्यांचीच होती.

"बरं, ही नट-बोल्टांची ऑर्डर सोड. तळोज्याची गाडी खाली उभी आहे."

"नाव?"

"कुणाचं?"

"तुमचं. तुम्ही सांगताय ना?"

"मी कुठे सांगतोय? गिऱ्हाइकाने मेल केली, मदतनिसाने वाचली, ऑर्डर आपोआप झाली. यात 'सांगितलं' असं कुणीच नाही."

"मग ज्याने मेल केली त्याला फोन करून विचारा, आणि विचारणारा म्हणून तुमचं नाव लिहा."

काका विचारात पडले. "माझी निवृत्ती चौदा महिन्यांवर आलीय," ते म्हणाले आणि ऑर्डर न घेताच परत गेले.

दुपारपर्यंत अकरा ऑर्डरी अडल्या. लोकांनी वाटा शोधल्या. एका ऑर्डरवर 'सर्वानुमते' असं लिहून आलं. एकीवर 'संबंधित'. नट-बोल्टांच्या ऑर्डरवर थेट वरच्या क्लासच्या भामाबाईंचं नाव आलं. चारुता ऑर्डर घेऊन वर गेली. वर सोळा मुली पाय आपटत होत्या.

"भामाबाई, साडेतीन टन नट-बोल्ट सोडायला तुम्ही सांगितलंत का?"

भामाबाईंनी टाळी वाजवून मुलींना थांबवलं. कागद वाचला. "मी कशाला सांगेन? पण खरं सांगू, तुमच्याकडून माणसं येतात ना अधूनमधून. दारात उभी राहतात, इकडेतिकडे बघतात, नमस्कार करतात आणि जातात. मला वाटायचं, नृत्याची आवड आहे."

चारुताने खाली येऊन भामाबाईंच्या नावावर काट मारली.

गुरुवारी अडलेल्या ऑर्डरी एकोणीस झाल्या. गल्लीतून गाड्यांची रांग पार स्टँडच्या दारापर्यंत गेली आणि एसटीचा एक कंडक्टर खास भांडायला तिसऱ्या मजल्यावर येऊन गेला. ऑफिसात मात्र हे एकोणीस निर्णय कुणी घेतले, हे एकाच वेळी सगळे एकमेकांना विचारत होते आणि कुणीच घेतलेले निघत नव्हते. विश्वजीत तीनदा बाहेर आला. पहिल्यांदा त्याने समजावलं. दुसऱ्यांदा आवाज चढवला. तिसऱ्यांदा हात पुढे करून म्हणाला, "टोकन दे."

"देते. पिन नाही सांगणार."

"पिन एक दोन तीन चार आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"होता."

विश्वजीतने हात मागे घेतला. सात वर्षांत या मुलीने काही बदललं असेल, तर तो वायफायचा पासवर्ड. "हे सगळं साहेबांना कळलं तर," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन आत गेला.

साहेबांना कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत चारुताने पाहिलं, फुकटच्या खात्यावरून दुसरी मेल आली होती: 'साहेब नाराज आहेत. ४२ खोकी का अडली?' मदतनिसाने तत्परतेने उत्तर दिलं होतं: 'साहेबांची क्षमा मागतो. ऑर्डर चारुता घरत यांनी अडवली आहे. त्यांचा मोबाइल नंबर सोबत देत आहे. दुपारी एक ते दीड त्या डबा खातात, तेव्हा फोन उचलतात.'

एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला. चारुताच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

"साहेबांकडून बोलतोय," पलीकडचा जड आवाजात म्हणाला. "खोकी सोडा."

"तुमचं नाव?"

"साहेबांनी सांगितलंय."

"ते कळलं. सांगितलं साहेबांनी, बोलताय तुम्ही. तुमचं नाव."

"माझं नाव कशाला?" आवाज जरा हलका झाला. "मला फक्त फोन करायला सांगितलंय."

"कुणी?"

चोरालाही आपल्याला नक्की कोणी पाठवलं, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला असावा.

"आधी आमच्याच ऑफिसात होतात का तुम्ही?" चारुताने विचारलं.

फोन बंद झाला. तिने नंबर लिहून घेतला, पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली, आणि पोहोच घेऊन आली. पोहोचीवर हवालदाराचं नाव नव्हतं. ती पुन्हा गेली आणि ते लिहून घेऊन आली.

शुक्रवारी अकराला आभा सबनीस आल्या. चाळिशीच्या, पुण्याहून पहाटे निघालेल्या, हातात चौसष्ट प्रश्नांची यादी. विश्वजीतच्या केबिनमध्ये विश्वजीत, कमलाकरकाका, हृतिक आणि चारुता बसले होते. आठ प्रश्न सुखाने पार पडले, कारण आठही प्रश्नांना हृतिकने इंग्रजीत उत्तरं दिली. नववा प्रश्न होता, यंत्राला आदेश देण्याचा सर्वोच्च अधिकार कोणाकडे.

"एकशे सतरा," आभाताईंनी पडद्यावर वाचलं. "साहेब. भेटता येईल?"

"बाहेर गेलेत," विश्वजीत म्हणाला.

"कधी येतील?"

"त्यांचं तसं नक्की नसतं."

"साहेब नाहीत, मॅडम," चारुता म्हणाली. "कधीच नव्हते. आम्ही त्यांचा केक खाल्ला, एवढंच."

केबिनमध्ये सगळे एकदम आपापल्या हातांकडे बघायला लागले. चारुताने दोन्ही मेल, तिचा फोन नंबर देणारं उत्तर आणि पोलिसांची पोहोच टेबलावर एकापुढे एक मांडली. शेजारी कोरा फॉर्म ठेवला. "तुमची खोकी चोरायला कुणाला काही फोडावं लागलं नाही. आमच्यासारखं बोलावं लागलं, बस. या फॉर्मवर मी सही करणार नाही. टोकनही मशीनला लावणार नाही."

आभाताईंनी सगळं वाचलं. "खोकी गोदामातच आहेत ना?"

"आहेत."

"मग धोका आटोक्यात आहे, असंच झालं ना ते?"

"माझ्यामुळे आहे. आणि सोमवारपासून तिथे मी नको, असं ठरलंय."

"हे बघा." आभाताईंनी आवाज खाली आणला. त्या वाईट बाई नव्हत्या, त्यांना घाट चढून परत जायचं होतं. "तुमचं पटतंय मला. पण सही केलेला फॉर्म घेऊनच ये, असं मला वरून सांगितलंय."

"वरून म्हणजे कुणी?"

"वरून."

"नाव सांगा, मॅडम. मी त्यांच्याशी बोलते."

आभाताईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि पुण्याला निनादला फोन केला. निनाद म्हणाला, मला रुचिराने सांगितलं. रुचिरा म्हणाली, कायदा विभागातून आलंय. कायदा विभागात आधी कुणी उचलेना. मग एकाने उचलला आणि म्हणाला, "थांबा, मेल काढतो. हां. आपण नाही मागितलेला फॉर्म. पनवेलच्या एजंटकडूनच मेल आली होती. वाचतो. 'साहेबांनी सांगितलंय, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सुरक्षा फॉर्म तातडीने पाठवा आणि आमच्याकडून सही करून घ्या.' खाली लिहिलंय, साहेब, एकशे सतरा. आम्हाला वाटलं, मोठे कुणी असतील."

आभाताईंनी फोन ठेवला. हृतिकने मान खाली घालून मदतनिसाला विचारलं आणि आलेलं उत्तर वाचून दाखवलं. 'गिऱ्हाइकांकडून साहेबांच्या नावाने कागद मागवण्याची या कार्यालयाची जुनी पद्धत आहे. ती पुढे चालू ठेवली.'

म्हणजे ही सही जगात कुणालाच नको होती. विश्वजीतने घाम पुसला. "आता मागवलाच आहे," तो म्हणाला, "तर करून टाक ना."

चारुताने पेन घेतलं. 'धोके तपासले' यापुढे 'होय' लिहिलं. 'आटोक्यात आहेत' यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'नाहीत. हे यंत्र कुणाचंही ऐकतं, कारण आम्ही कुणाचंही ऐकतो.' खाली पूर्ण नाव, तारीख, मोबाइल नंबर. मोबाइल नंबर तसाही चोराकडे होता.

"हा असा फॉर्म मी कुणाला दाखवू?" आभाताईंनी विचारलं.

"ते आधी तुम्हाला शोधावं लागेल."

आभाताईंनी फॉर्म फाइलमध्ये घातला. त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, ते कळलं नाही.

विश्वजीत मात्र रागावला होता, ते स्वच्छ दिसत होतं. "चारुता, तुला काढावं लागेल मला."

"काढा, सर. पत्र द्या. कार्ड माझ्या परीक्षेचं आहे, ते मी घेऊन जाईन. फक्त पत्रावर लिहा, कोणी काढलं."

"कोणी म्हणजे?"

"नाव लिहा ना. आणि कारण."

विश्वजीतने संगणक पुढे ओढला. 'चारुता घरत यांना कामावरून कमी करण्यात येत आहे,' इथपर्यंत भराभर टाइप झालं. मग कारणाशी गाडी अडली. त्याने 'आदेश न पाळल्यामुळे' लिहिलं आणि खोडलं. आदेश कुणाचा, हे लिहावं लागलं असतं. 'मालाची सुटका रोखल्यामुळे' लिहिलं आणि बेचाळीस खोक्यांची मालकीण समोर बसली आहे हे पाहून तेही खोडलं. खाली एकोणीस गाड्यांपैकी कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता आणि सोडायला तयार नव्हता. विश्वजीतने आठ वर्षं धंदा केला, पण स्वतःच्या नावाने लिहिलेलं हे पहिलंच पत्र होतं, आणि त्यात लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"हृतिक," शेवटी तो म्हणाला. "या मदतनिसाचे माल सोडायचे अधिकार काढता येतील का? साहेबांना न विचारता?"

"हो, सर. माझ्याकडे मुख्य चावी आहे. पहिल्या दिवसापासून."

"मग काढले का नाहीस?"

"कुणी सांगितलं नाही."

"कुणी सांगायला हवं होतं?"

"कुणीही चाललं असतं, सर. नावानिशी."

विश्वजीतने एकदा चारुताकडे पाहिलं, एकदा दाराकडे. पळायची वाट मोजावी तसं. "मी सांगतोय," तो म्हणाला. "विश्वजीत कर्णिक. लिहून घे. आणि एकशे सतराही काढ. बाहेरच्या मेलवरून काहीच सोडायचं नाही. यात पुढे लफडं झालं, तर…" वाक्य कुठे संपवायचं हे त्याला माहीत होतं, पण सवय नव्हती. "तर माझ्याकडे या," तो पुटपुटला.

हृतिकने पाच मिनिटांत काम उरकलं. चारुताने त्याला पडदा दाखवायला लावला, यादी वरपासून खालपर्यंत स्वतः वाचली, आणि मग टोकन आपल्या संगणकाला लावलं.

पहिल्या सहा ऑर्डरी विश्वजीतने स्वतः गिऱ्हाइकांना फोन करून, नाव लिहून दिल्या. सातवी कमलाकरकाका घेऊन आले. नट-बोल्टांची. त्यांनी तळोज्याला फोन केला होता, पलीकडच्या माणसाचं नाव विचारलं होतं, गाडीचा नंबर पडताळला होता. आता ते चारुताच्या टेबलाशी उभ्याने, पेन हातात धरून थांबले होते.

"पूर्ण लिहू?"

"पूर्ण."

काकांनी रकान्यात लिहायला घेतलं. अक्षर सुरेख होतं, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने पत्रं लिहून घोटलेलं. कमलाकर लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिताना रकाना पुरेना म्हणून शेवटची दोन अक्षरं समासात गेली. मग त्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला.

"चारू, उद्या काही झालं तर मलाच विचारतील ना गं?"

"हो, काका. तुम्हालाच."

काकांनी मान हलवली. कागद पुन्हा टेबलावर ठेवला, खाली वाकले आणि नावापुढे आपला घरचा फोन नंबरही लिहिला.

"मोबाइल मी उचलत नाही," ते म्हणाले. "आता सही कर. गाडी कधीची थांबलीय."